दुधाचे आणि कायमचे

"संपादकसाहेब, तुमच्या तोंडात दुधाचा एक तरी दात शिल्लक हाय का?"

कादंबरीविषयी मी कुठलीही शंका काढली की डॉक्टर मला हा प्रश्न विचारत. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. माझे काही कायमचे दातही तोवर त्यांनीच काढलेले होते. मी नकारार्थी मान हलवली की ते समाधानाने म्हणत, "मग तुमचं मत मी कशाला घिऊ?" आणि माझी शंका तिथेच संपे. म्हणजे त्यांच्यापुरती संपे. मी ती घरी घेऊन जाई आणि जेवताना, अंघोळ करताना, रंकाळ्यावर फिरताना मनातल्या मनात त्यांना सडेतोड उत्तरे देत असे.

हे माझे जुने व्यंग आहे. माझा आवाज लहान आहे, म्हणून लोक मला शांत समजतात. मुलांची पुस्तके काढणाऱ्या कोल्हापुरातल्या एका छोट्या प्रकाशन संस्थेत मी संपादक आहे आणि लेखक मंडळींत माझ्या सहनशीलतेचे कौतुक होते. खरे पाहता मी सहनशील नाही. मी फक्त आधी बोलत नाही. समोरचा बोलतो, मी त्याच्याच शेवटच्या शब्दाला धरून "बरोबर", "पाहू या" असे काहीतरी म्हणतो, आणि राग गिळतो. गिळलेला राग पचत नाही, हे मला डॉक्टरांच्या सहवासात पुरेसे कळले.

डॉक्टर दातांचे होते. मंगळवार पेठेत एका तालमीशेजारी पहिल्या मजल्यावर त्यांचा दवाखाना होता. उंच, किंचित वाकलेले, आवाज मात्र असा की तोंडावरच्या मुखपट्टीचाही त्याला अडथळा होत नसे. त्यांची माझी गाठ माझ्या दाढेमुळे पडली. खुर्चीवर आडवा झालो, तोंड उघडले, त्यांनी कापसाचे बोळे भरले आणि विचारले, "काय करता?" उत्तर देणे शक्यच नव्हते. मग दवाखान्यातल्या ताईंनी माझ्या नोंदीच्या कागदावरून वाचून सांगितले, "मुलांच्या पुस्तकांचे संपादक हायत."

"आरं वा!" डॉक्टर म्हणाले, आणि दाढ कोरता कोरता त्यांनी मला आपल्या कादंबरीचे पहिले प्रकरण तोंडी सांगितले. मी हातांनी काही खुणा केल्या असाव्यात. त्यांनी त्या संमती म्हणून घेतल्या. मी उठलो तेव्हा दाढ भरली गेली होती आणि कादंबरी माझ्या गळ्यात पडली होती.

खरी पंचाईत अशी की ती कादंबरी चांगली होती. वाईट लिखाण साभार परत करता येते. चांगल्या लिखाणाचा लेखक तापदायक असेल तर संपादकाला सुटका नाही.

पन्हाळ्यासारख्या एका गडावर राहणारी एक मुलगी. तिचा पडसाद तिच्या प्रत्येक हाकेला ओ देऊन कंटाळतो आणि एके दिवशी पळून जातो. गडावरच्या जुन्या विहिरीत उतरून ती त्याला शोधायला निघते, तर विहिरीच्या तळाशी सगळ्या पळालेल्या पडसादांचे एक नगर. राजवाडा आहे, बाजार आहे, कोतवाल आहे. पण अवघे नगर मुके. कारण पडसादाला आधी बोलता येत नाही. कोणीतरी काहीतरी बोलेल म्हणून प्रत्येकजण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत उभा. ही कल्पना मी तोंडात कापूस असताना ऐकली आणि तरीही माझ्या अंगावर काटा आला. नंतर मात्र काटा येण्याची कारणे बदलत गेली.

डॉक्टर लिहीत नसत. लिहायला बसले की आपली गोष्ट "आजारी पडती", असे त्यांचे म्हणणे. खुर्चीत एखादे मूल असेल आणि दोन्ही हात कामात असतील, तरच त्यांना पुढचे सुचे. त्यामुळे भरायला, काढायला, साफ करायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला ते गोष्टीचा एक तुकडा सांगत. शेजारच्या तबकात मोबाइल ध्वनिमुद्रण करत पडलेला असे आणि संध्याकाळी ते मुद्रण माझ्याकडे येई. ते ऐकून लिहून काढणे माझे काम. सुरुवातीचा मसुदा असा होता: "मुलगी विहिरीच्या काठावर वाकली आणि, आ कर, आणखी मोठा, जीभ खाली, आणि तिला तळाशी हजार दिवे, गप की, दुखत न्हाई, हजार दिवे दिसले."

ऐन रंगात आलेल्या वाक्यांवर यंत्राची घरघर असे ती वेगळीच. एकदा अख्खा प्रसंग त्या आवाजाखाली गडप झाला. मी फोन करून विचारले, घरघर चालू असताना आपण काय सांगितले? ते म्हणाले, "आता माझ्या काय ध्यानात हाय? त्या पोराला विचारा. त्याला ऐकू आलतं."

मला आज हे लिहिताना संकोच वाटतो, पण मी खरोखर ताईंकडून नंबर घेऊन त्या मुलाच्या घरी, मलकापूरला, फोन केला. मुलाच्या आईला वाटले, दवाखान्यातून चौकशी आली. "दुखत न्हाई आता, चपाती खातोय," ती म्हणाली. मी माझी अडचण सांगितली. मग ती कोणाला तरी म्हणाली, "बघ रं, कोण येडं हाय, गोष्टीत काय झालं इचारालंय." मुलाने फोन घेतला आणि एका दमात सांगितले, "पूल पडला. कोतवाल पाण्यात. पर त्याची टोपी वरच ऱ्हायली." मी ते तसेच घेतले. पुढे डॉक्टरांनी वाचून विचारले, "ही टोपी कुणी घातली? बेस्ट हाय."

त्यांच्या सगळ्या तऱ्हांत मला असह्य होणारी तऱ्हा निराळीच होती. प्रकरण जमले की नाही हे ते मुलांना विचारत नसत. "तोंडाला शिकवल्यालं असतंय. 'छान हाय काका' म्हणतंय." ते हात पाहत. खुर्चीत बसलेले मूल खुर्चीचे हात घट्ट आवळून धरते. गोष्ट ऐकता ऐकता ज्या वाक्याला मुठी सुटतात ते वाक्य राहायचे. ज्याला सुटत नाहीत ते जायचे. या न्यायाने त्यांनी माझा अतिशय आवडता परिच्छेद उडवला. मुक्या बाजारात एक म्हातारा पडसाद आपल्याला शेवटचा मिळालेला शब्द ओठांवर घोळवत बसतो, असा तो परिच्छेद होता. मी धीर करून म्हणालो, "डॉक्टर, मुठी सुईमुळे आवळल्या असतील."

"सुई म्हाताऱ्याच्या आधी घातली. मुठी म्हाताऱ्याला आवळल्या."

"पण परिच्छेद सुंदर आहे."

"सुंदर हाय की. तुमच्या-माझ्यासाठी हाय. आपल्याला काय, आपण कवळीची गिऱ्हाइकं."

पुस्तकाच्या मागच्या बाजूला वयोगट छापायचा असतो. मी लिहिले होते, "नऊ ते बारा". त्यांनी ते खोडले आणि वर लिहिले, "ज्यांच्या तोंडात दुधाचे आणि कायमचे, दोन्ही दात आहेत अशांसाठी." मी म्हणालो, दुकानदाराला हे कळायचे नाही. तेव्हा त्यांनी हातातली चिमटी खाली ठेवली आणि गंभीरपणे मला समजावले.

"हे बगा. समदं दुधाचं हाय तवर पोरगं काय बी सांगा, मान डोलवतंय. समदं कायमचं आलं की पुरावा मागतंय. मधलं जे हाय न्हवं, अर्धं पडल्यालं, अर्धं आल्यालं, त्याला राक्षस खोटा हाय हे पक्कं म्हाईत असतंय, आणि तरी बी झोपताना पाय पांघरुणात वडून घेतंय. आपला कारभार तेवढ्याच पोरांशी."

कुमारवाचकांसाठी कसे लिहावे यावर मी बरेच ऐकले-वाचले आहे, काही लिहिलेही आहे. इतके नेमके मला कधी साधले नाही. पण त्या दिवशी मी एवढेच म्हणालो, "पाहू या." आणि घरी जाऊन चरफडलो.

आमच्या मालकांना पुस्तक उन्हाळ्याच्या सुट्टीत हवे होते. मी तसा शब्द दिला होता. आदल्या सुट्टीलाही दिला होता. दुसऱ्यांदा शब्द फिरवला तर कुमार कादंबऱ्या काढणेच बंद करू, असे मालकांनी मला शांतपणे सांगितले होते आणि ते शांतपणे बोलतात तेव्हा तसे करतातच. सगळी प्रकरणे जुळून तयार होती. फक्त शेवट नव्हता. पडसाद मुलीबरोबर वर परत येतो की खालीच राहतो, एवढेच डॉक्टरांनी सांगायचे होते.

"श्रावणीच्या तारा निघतील त्या दिवशी," ते म्हणत.

श्रावणी बिद्रीकडून येणारी मुलगी. तिचे वडील तिला महिन्यातून एकदा मोटारसायकलवरून घेऊन येत. बाकीच्या मुलांना गोष्टीचा एखादा तुकडाच मिळे, कारण एक दात भरला की ती पुन्हा येत नसत. दात सरळ करण्यासाठी तारा बसवलेल्या मुलीला मात्र दर महिन्याला यावेच लागते. त्यामुळे पहिल्या प्रकरणापासून सलग गोष्ट ऐकलेली ती एकटी होती. तारा बसवल्या तेव्हा तिचे दोन सुळे अजून दुधाचे होते. पुढे तेही पडले. डॉक्टरांना त्याची घाई लागून राहिली होती. "ती पुरावा मागायच्या आत शेवट तिच्याकडं पोचला पायजे," ते म्हणत. मग सांगून का टाकत नाही, असे विचारले की विषय बदलत.

तिच्या तारा निघण्याचा दिवस मात्र पुढे पुढे जात राहिला. दातांवर चिकटवलेली ती बारीक चौकोनी बटणे, ज्यांतून तार ओवलेली असते, तिच्या बाबतीत सारखी निखळत. ती आली आणि तोंड उघडले की डॉक्टरांचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत येई.

"परत दोन पडल्यात! काय खाल्लंस? ऊस?"

मुंडी नकारार्थी.

"चिक्की? चकली? मग काय, दगड चावत बसतीस व्हय गं?"

वडील बिचारे ओशाळत. "घरात ऊस आणायचा बंद केलाय, डॉक्टर. माज्या आईला बी सांगितलंय, पोरीसमोर खाऊ नगंस."

"मग बटणं काय भुतं काढत्यात?"

बटण पुन्हा चिकटवायचे, तार पुन्हा ओवायची, आणि काम महिनाभर मागे. म्हणजे माझे पुस्तकही मागे. बाहेरच्या बाकावर बसून मी त्या मुलीच्या दातांची जेवढी काळजी केली, तेवढी माझ्या स्वतःच्या मुलांच्या दातांचीही केली नसेल. एकदा न राहवून मी तिला अगदी हळू आवाजात म्हणालो, "बाळ, जरा जपून खात जा." तिने माझ्याकडे असे पाहिले की मी नजर वळवली. माझ्या आवाजातला मऊपणा तिच्यासाठी नव्हता, हे तिला कळले असावे. मुलांना ते कळते, एवढे तरी या धंद्यात मला शिकायला हवे होते.

अखेर दिवस ठरला. आज तारा निघणार, आज शेवट मिळणार. मी सकाळीच रजा टाकून, मोबाइल पूर्ण चार्ज करून दवाखान्यात हजर झालो आणि डॉक्टरांच्या परवानगीने आतल्या स्टुलावर बसलो. वडील दाराशी उभे होते. श्रावणी खुर्चीत चढली. डॉक्टर म्हणाले, "चला, आ करा राणीसरकार." तिने तोंड उघडले.

वरच्या ओळीतली जवळजवळ सगळी बटणे गायब होती. सुटलेली तार ओठाबाहेर डोकावत होती.

डॉक्टरांचा आवाज असा चढला की शेजारच्या तालमीत जोर काढणारेही थबकले असावेत. वडिलांनी कपाळावर हात मारला. "आवं, काल संध्याकाळपतुर समदी हुती की!" डॉक्टरांनी तिच्या दातांच्या फटीतून चिमटीने एक पांढरा धागा ओढून काढला आणि उजेडात धरला.

"हे काय हाय?"

श्रावणीने डोळे मिटून घेतले.

"हे काय हाय गं?"

"ऊस."

"कुठनं आणलास?"

"ट्रॉलीतनं वडला. कारखान्याला जाणाऱ्या."

"आणि आजपतुरची समदी बटणं?"

तिने मान खाली घातली. वडील पुढे आले. "म्हंजे दर महिन्याला ह्योच उद्योग? आणि मी हितं रजा टाकून टाकून..."

"तुटली की काका परत चिकटवत्यात," ती एकदम रडत म्हणाली. "मग फुडल्या महिन्यात परत यायला लागतंय. आज तारा निघाल्या, गोष्ट संपली, की मग मी कशाला येनार हाय हितं?"

ताईंनी लाळ ओढणारी नळी बंद केली, तेव्हा ती इतका वेळ चालू होती हे कळले.

पहिल्यांदा सावरले ते वडील. "डॉक्टर, रागावू नगासा," ते म्हणाले, "पर ह्यात तुमची बी चूक हाय. गोष्ट सांगायची तर एका झटक्यात सांगून मोकळं व्हावं मानसानं."

डॉक्टर आपल्या गोल स्टुलावर बसले. "येडे," ते म्हणाले, "आज तारा काढायच्याच हुत्या. बटणं तुटली काय अन् ऱ्हायली काय. आणि तारा काढल्यावर बी यायला लागतंय दर महिन्याला, दात परत वाकडं होऊ नयेत म्हणून. वरीसभर तरी. तुला कुणी सांगितलं न्हाई?"

तिने डोळे पुसत नकारार्थी मान हलवली. ताईंनी डॉक्टरांकडे पाहिले. वडिलांनी पाहिले. मीही पाहिले. इतके महिने हा माणूस त्या मुलीशी अखंड बोलत होता. विहीर, नगर, कोतवाल, टोपी, सगळे सांगून झाले होते, आणि हे एक वाक्य सांगायचे राहून गेले होते.

मग त्यांनी हातमोजे काढले. मुखपट्टी काढली. त्या खोलीत मी त्यांचे उघडे हात प्रथमच पाहत होतो.

"आता खरं सांगतो," ते म्हणाले. "शेवट माझ्याकडं न्हाई."

इथे माझ्या डोक्यात जे काही उसळले ते मी लिहीत नाही. मालकांचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

"पडसाद वर आणून बघितला, पोरांनी खुर्ची सोडली न्हाई. खाली ठेवून बघितला, तरी सोडली न्हाई. किती जणांवर करून बघितलं. जमत न्हाई मला." मग ते तिच्याकडे वळले. "तूच सांग की. तू समदी ऐकल्यास. त्यानं वर यावं का?"

"माज्या तोंडात तार हाय."

"असू दे. आज मी हात लावत न्हाई. बोल."

तिने ओठाबाहेरची तार बोटाने बाजूला धरली. तोंडात कापूस नाही, यंत्र नाही. तरीही बराच वेळ ती बोलली नाही. डॉक्टर खुर्चीच्या हातावर हात ठेवून तिच्या तोंडाकडे बघत होते.

"ती मुलगी एकटीच वर येती," श्रावणी म्हणाली. "विहिरीवर वाकती. पर हाक मारत न्हाई."

"का?"

"हाक मारली तर त्यो तेच म्हननार की. ती गप बसती. म्हंजे मग त्यालाच आधी बोलायला लागंल."

"आणि न्हाईच बोलला तर?"

"बसायचं की वाट बघत. तिला कुटं जायाचं हाय?"

"पर बोलतोय का त्यो?" हे दाराशी उभ्या वडिलांनी विचारले.

"बोलतोय की," ती म्हणाली. "पर गोष्ट संपल्यावर."

"काय बोलतोय?"

"ते मला काय म्हाईत, पप्पा? ते त्याचं त्याला म्हाईत."

मी डॉक्टरांच्या हाताकडे पाहिले. खुर्चीचा हात त्यांनी इतका आवळला होता की बोटांची पेरे पांढरी पडली होती. मग हळूहळू ती मूठ सुटली आणि हात तिथेच उताणा पडून राहिला.

ध्वनिमुद्रण थांबवावे म्हणून मी मोबाइल शोधला, तेव्हा लक्षात आले की ते सुरूच केले नव्हते. मोबाइल खिशात होता. माझे दोन्ही हात मांडीवर मोकळे होते.

त्यामुळे शेवटचे प्रकरण आम्ही आठवून लिहिले आणि त्यातल्या एकेका वाक्यावरून पुन्हा भांडलो, म्हणजे ते भांडले. "बसायचं की वाट बघत" हे ती म्हणालीच नव्हती, असा त्यांचा आजही आग्रह आहे. तीच म्हणाली, असे मी छपाईआधी तपासायच्या मुद्रितावर तीनदा लिहिले. श्रावणीला विचारले तर ती म्हणाली, दोघांचेही चूक आहे, पण आता असू दे. पुस्तक सुट्टी सुरू झाल्यावर थोड्या उशिराने आले. मालक काही बोलले नाहीत. मागच्या बाजूला वयोगटाच्या जागी मी डॉक्टरांचे दातांचे वाक्य छापले. दुकानदार अजून त्याबद्दल तक्रार करतात.

दवाखाना आता एका तरुण डॉक्टरकडे आहे. तो काम करताना एक शब्द बोलत नाही. आमचे डॉक्टर मुलाकडे बंगळूरला राहतात. खुर्ची नाही, म्हणून नवे काही सुचत नाही, अशी त्यांची तक्रार असते. पण तिथेही त्यांनी मला त्रास देण्याची नवी तऱ्हा शोधून काढलीच आहे. ऐन कामाच्या वेळी फोन येतो. मी उचलतो आणि वाट पाहतो. पलीकडून शब्द नाही. त्यांचा श्वास ऐकू येतो, मागे कुठेतरी कुकरची शिट्टी होते, आणि ते मुद्दाम, हट्टाने, गप्प बसून राहतात.

मी चिडतो. फोन ठेवून द्यावा असे दर वेळी वाटते.

मग मला आधी बोलावे लागते.